अंगठ्याएवढ्या बाटलीतली वीस हजार माणसं

बाटली माझ्या अंगठ्यापेक्षा थोडीशीच मोठी होती आणि तिच्या लेबलवर छापलेलं होतं, ‘रक्तदाते: २०,११४’. एवढ्याशा बाटलीत वीस हजार माणसांचं रक्त मावेल कसं? हे कोडं मला बरेच दिवस पडलं होतं, पण विचारायचं राहून जायचं. उत्तर मिळालं ते अशा दुपारी, की तेव्हा मला उत्तर नकोच होतं. मला फक्त ती बाटली हवी होती.

माझा धाकटा भाऊ ओजस तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला हिमोफिलिया (रक्त गोठवणारा एक घटक कमी असल्यामुळे रक्तस्राव लवकर न थांबण्याचा आजार) आहे. आता २०४१ साली बहुतेक मुलांना यासाठी प्रयोगशाळेत तयार केलेलं औषध मिळतं. ओजसच्या शरीराला मात्र ते मानवत नाही. त्याला माणसांच्या रक्तातून काढलेला घटकच टोचावा लागतो. गडहिंग्लजच्या आमच्या घरात या बाटल्यांसाठी एक बोलणारा फ्रिज आहे. तो सारखा टोकत असतो, म्हणून आम्ही त्याला मावशी म्हणतो.

त्या दुपारी आईबाबा लग्नासाठी बेळगावला गेले होते. ओजस अंगणातल्या कट्ट्यावरून उडी मारताना गुडघ्यावर आपटला. बाहेर रक्ताचा थेंबही आला नाही. ते आत, सांध्यात साठत होतं आणि गुडघा बघताबघता फुगला. मी धावत जाऊन बाटली काढली, तोच मावशीचा दिवा लाल झाला.

“इरावती, बाटली परत ठेव. या खेपेतल्या सगळ्या बाटल्या देशभर थांबवल्या आहेत. एका रक्तदात्याला अनोळखी ताप आला आहे.”

“त्याची तपासणी झाली?”

“झाली. काही सापडलं नाही.”

“मग अडलंय कुठं?”

“नवी खेप उद्या दुपारी येईल. बाटली परत ठेव.”

इतका राग मला मावशीचा कधीच आला नव्हता. मी बाटली घेऊन आजोबांकडे पळाले. आजोबा म्हणजे आईचे वडील. ऐंशी वर्षांचे, निवृत्त रक्तशास्त्रज्ञ (रक्ताचा आणि त्याच्या आजारांचा अभ्यास करणारे). ओजसला सुई टोचायचं काम घरात त्यांचंच.

“टोचा ना, आजोबा. वीस हजारांत एकच माणूस आजारी आहे. तोही कदाचित!”

त्यांनी आधी कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, “डोक्याला मार असता तर वेगळा विचार केला असता. गुडघा थांबू शकतो. बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा.” आजोबांनी सगळं केलं. मग माझ्यापुढे हात केला. मला वाटलं, टोचणार. त्यांनी बाटली नेऊन मावशीच्या पोटातल्या लाल कप्प्यात टाकली. कप्पा आपोआप बंद झाला. आता ती बाटली कुणालाच बाहेर काढता येणार नव्हती.

“तुम्हाला काय जातंय? गुडघा त्याचा आहे!” मी ओरडले. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

आजोबा ओजसच्या पायाशी बसले. 

“डेअरीत दूध घालायला जातीस न्हवं? आपली किटली, शेजारच्यांची किटली, सगळ्यांचं दूध कुठं जातं?”

“एकाच टाकीत.”

“त्यात एक किटली नासकी असली तर?”

“सगळी टाकी नासते.”

“औषधाचंही तसंच. एका माणसाच्या प्लाझ्मामध्ये (रक्तातला पिवळसर पातळ भाग) हा घटक अगदी नखभर असतो. म्हणून हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करायचा, त्यातून तो घटक काढायचा आणि बाटल्या भरायच्या. त्यामुळं प्रत्येक बाटलीत वीस हजार जण थोडे थोडे येतात. त्यातल्या एकाकडं विषाणू असला, तर तोही प्रत्येक बाटलीत येऊ शकतो.”

कोडं सुटलं होतं, पण आनंद कसला होतोय?

“पण तपासणीत काही सापडलं नाही ना?”

“विषाणू शिरल्या शिरल्या दिसत नाही, बाळ. मधे काही दिवस त्याचा लपण्याचा काळ (तो शरीरात असतो, पण चाचणीत सापडत नाही असे दिवस) असतो. आणि हा नवाच असला, तर त्याची चाचणी अजून कुणी बनवलेलीच नसणार.”

“मग औषध तापवून मारा त्याला.”

“तापवतातच. रसायनंही वापरतात. त्यानं बहुतेक विषाणू मरतात. पण एखाद्याचं कवच टणक निघतं.” त्यांनी ओजसच्या गुडघ्यावरचा बर्फ नीट केला. “मी पंचविशीत होतो तेव्हा औषध तापवतही नव्हते. ते घेणारे लोक आजारी पडायला लागले. आमचे वरचे साहेब म्हणाले, पुरावा येऊ दे. डॉक्टर म्हणाले, औषध बंद केलं तर पोरं रक्तस्रावानं जातील. त्यांची भीतीही खरी होती. शेवटी तापवलेलं औषध आलं. दवाखान्यातलं औषधांचं भांडार माझ्या ताब्यात होतं. तिथला नियम होता, जुना साठा आधी संपवायचा, मगच नवा उघडायचा. घरात डाळतांदळाला लावतो तोच नियम. मी नवी खोकी मागं सरकवली आणि जुनी पुढं ओढली.”

“नासकी?”

“ते कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. शंका होती. त्यातली एक बाटली मी तुझ्या आजीच्या भावाला टोचली. विश्राम. एकोणीस वर्षांचा. नवी खोकी माझ्यापासून दोन पावलांवर होती गं!”

“मग?”

“त्या बाटलीतून विषाणू त्याच्या अंगात गेला. चार वर्षांनी तो गेला. तुझी आजी मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.” आजोबा रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. “त्याच्यासारखी कितीतरी माणसं गेली. पुढं चौकशी झाली. संशय आला की आधी थांबवायचं आणि मग शोधायचं, असा कायदा झाला. हा लाल कप्पा त्यातूनच आला. तो कायदा लिहिणाऱ्यांत मीही होतो.”

नवी खेप दुसऱ्या दिवशी दुपारी आली, पंचवीस तासांनी. तोवर ओजसनं एक घासही खाल्ला नव्हता. सूज उतरली, पण त्याचा तो पाय तेव्हापासून पुरता सरळ होत नाही. तो थोडा लंगडतो.

नऊ दिवसांनी मावशी म्हणाली, “थांबवलेली खेप निर्दोष ठरली. रक्तदात्याला साधा ताप होता.”

आजोबा खुर्चीत बसले ते बसलेच. “म्हणजे पोराचा पाय मी उगाच घालवला.”

त्या दुपारी हेच वाक्य मी त्यांच्या तोंडावर मारलं असतं. आता मात्र मला ते खोटं वाटलं.

“उगाच नाही, आजोबा. आपल्याला त्या दुपारी कुठं माहीत होतं? विश्रामआजोबांच्या वेळी शंका होती, आणि तुम्ही दिलंत. या वेळीही शंका होती, आणि तुम्ही थांबलात.”

 दुसऱ्या दिवशी त्यांनी सरकारला पत्र लिहायला घेतलं. नुसतं थांबवणं पुरेसं नाही, थांबवल्यावर मुलांना द्यायला दुसऱ्या खेपेचा साठा प्रत्येक जिल्ह्यात हवा, असं. उत्तर यायला दीड वर्ष लागलं. साठा आला.

गेल्या आठवड्यात मावशीचा दिवा पुन्हा लाल झाला. मी उठायच्या आत ओजस लंगडत फ्रिजपाशी गेला. त्यानं घरातल्या चारही बाटल्या एकेक करून लाल कप्प्यात ठेवल्या.

“नवीन कधी येणार, मावशी?”

“सहा तासांनी.”

“मग सहा तास मी उड्या मारणार नाही,” तो म्हणाला आणि कट्ट्यावर जाऊन मांडीवर हात ठेवून बसला. आजोबा काठी टेकत गेले आणि औषध येईपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिले.