कार्सची पोथी

"माझा माणूस चोर नाही," हायकानूश दारातूनच म्हणाली. "पण उद्या सकाळी त्याला येरेवानच्या तुरुंगात नेणार आहेत. भूकंपात दोन दिवस ढिगाऱ्याखाली होता तो. छाती कामातून गेलीय. तिथल्या थंडीत आठवडाही काढायचा नाही."

मेलकोनने तिला स्टूल दिलं. तो न्हावी. वीज गेली, गरम पाण्यावाचून धंदा बसला, तेव्हापासून शुशानिकच्या खोलीत बसून तिच्या तपासात लुडबुड करायचा. शुशानिक पूर्वी पोलिसांत होती. ग्युमरीत ज्याचं पोलिसांपुढे काही चालत नसे, तो आता तिच्याकडे येई.

"गेलं काय चोरीला?" शुशानिकने विचारलं.

"मारानआजीची पोथी."

मेलकोनचा चेहरा उतरला. ती पोथी म्हणजे गल्लीचा देव. तुर्कांनी घेतलेल्या कार्सहून पळताना आजीच्या आईने पाठीवर बांधून आणलेली. लाकडी पुठ्ठे, त्यांवर कातडं, बंद करायला पितळी आकडे. आजारी माणसं, परीक्षेला निघालेली पोरं, सगळी तिच्यापुढे मेणबत्ती लावायची.

"आमच्या गेघामने शुक्रवारी दुपारी आजीच्या शेगडीचं धुराडं बसवलं," हायकानूश म्हणाली. "शनिवारी, ऐन संत सरगिसच्या सणाला, आजीने बोंब ठोकली. घरात परका आला तो एवढाच, म्हणून तोच चोर! अहो, धुराडं इतकं चोख बसवलंय, की शुक्रवारी रात्री त्यांच्याकडचा जळक्या कातड्याचा वास थेट शेजारी आमच्या घरात आला."

"चोरी करायची असती तर धुराडं वाकडं बसवून पळाला असता," मेलकोन म्हणाला. कुणी हसलं नाही.

आजीकडे जाताना वाटेत जुने गालिचे विकत घेणारा ह्रांद भेटला. शुशानिकने त्याला सरळच विचारलं.

"मागितली होती पोथी, खोटं कशाला बोलू? आजीने झाडू उगारला. पण ताई, चोरीचा देव घेतला तर या गावात मला कुणी पाणी विचारेल का? आणि ग्युमरीत गुपित टिकतं किती वेळ? या मेलकोनलाच विचारा."

मारानआजीचं घर म्हणजे पत्र्याचं डबाघर. भूकंपाला पाच वर्षं झाली तरी निम्मं गाव असल्याच डब्यांत होतं. दार एकच, खिडकीवर पत्रा ठोकलेला. सरपण नाहीच, जमिनीच्या फळ्यासुद्धा उपटलेल्या. मुलगा रशियात कामाला. सून आर्पिक वीस दिवसांच्या बाळाला छातीशी धरून बसली होती.

"पोथी शेवटची कधी पाहिलीस?" शुशानिकने तिला विचारलं.

"शुक्रवारी दिवेलागणीला. कपाळ टेकवलं मी."

"तिला काय आठवतंय!" आजी तडकली. "तापाने फणफणली होती पोरगी."

"ताप होताच," आर्पिक म्हणाली. "रात्री बाळ थंडीने निळं पडलं. रडायचंच थांबलं. मग माझी शुद्ध गेली. पहाटे बघते तर बाळ ऊबदार! आई म्हणाल्या, सरगिस येऊन गेला."

"त्याच्या घोड्याची टाप उमटावी म्हणून पिठाचं ताट ठेवलं होतं ना, आजी?"

"ठेवणार नाही तर काय? अंधार पडताच ठेवलं, आतून दाराला चिकटून. सकाळी बघते तर पीठ जसंच्या तसं सपाट. आमच्या नशिबी एक टापसुद्धा नाही."

"आणि जळक्या कातड्याचा वास?"

"खाशचा रस्सा करायला गाईचे पाय भाजले होते," आजी घाईने म्हणाली.

मेलकोनच्या तोंडाला पाणी सुटलं. सणाआधीचे पाच दिवस त्याने उपास पाळून डाळीवर काढले होते. शुक्रवारी रात्री, पन्नाशीचा ब्रह्मचारी असूनही, लग्नाळू पोरापोरींसारखी खारी पोळी खाऊन तहानलेला झोपला होता. स्वप्नात पाणी पाजेल ती बायको होणार, असं म्हणतात; कुणी आलं नव्हतं, ती गोष्ट निराळी.

शुशानिकने शेगडीतली राख चमच्याने उकरली. दोन बारीक काळे आकडे निघाले.

"खुर्चीचे असतील," मेलकोन म्हणाला.

"हायकानूशला बोलाव," शुशानिक म्हणाली.

हायकानूश आली. शुशानिक आजीसमोर जमिनीवरच बसली.

"गेघाम दुपारीच गेला. पोथी संध्याकाळी जागेवर होती, आर्पिकने तिला कपाळ टेकवलं. पुढे रात्रभर दारात पिठाचं ताट. ते सरकून पीठ विस्कटल्यावाचून कुणाला आत येता आलं नसतं, की बाहेर जाता आलं नसतं. आणि सकाळी पोथी नाही. म्हणजे ती घराबाहेर गेलीच नाही. सरगिसही आला नाही, आजी, मग बाळाला ऊब कुणी दिली?"

आजीने नजर शेगडीकडे वळवली.

"शुक्रवार म्हणजे उपासाचा शेवटचा दिवस. उभ्या जन्मात मोडला नाहीत तुम्ही तो. मांसाला शिवला नसतात. घाबरून खोटं बोललात आणि वार विसरलात. कातडं जळलं ते पोथीचं. हे आकडेही तिचेच."

"नाही," आर्पिक पुटपुटली. "आई असं करणार नाहीत."

"केलं," आजी म्हणाली. आवाज अगदी कोरडा. "एकेक पान लावलं. पुठ्ठे शेवटी. बाळ रडेपर्यंत लावत राहिले."

मेलकोनच्या आईने मरताना त्याच पोथीवर हात ठेवला होता. त्याला संताप आला आणि बाळाकडे पाहून त्या संतापाची लाज वाटली.

"मी सहा वर्षांची होते," आजी सांगू लागली. "कार्सहून येताना वाटेवर बर्फ होतं. आईच्या पाठीवर पोथी, कडेवर माझा भाऊ. दोन्ही पेलवेना तिला. तिने भावाला रस्त्याच्या कडेला ठेवलं. गावाने तिला संत म्हटलं. भावाचं नावसुद्धा कुणी विचारलं नाही. लेवोन नाव होतं त्याचं."

आर्पिकने बाळाला आणखी जवळ ओढलं.

"शुक्रवारी माझ्यापुढे तोच प्रश्न आला. मी मूल निवडलं. त्याचं मला दुःख नाही. पण सकाळी मेणबत्त्या घेऊन माणसं यायला लागली आणि माझं धैर्य सरलं. तोंडाला येईल ते नाव घेतलं." तिने पहिल्यांदाच हायकानूशकडे पाहिलं. "तुझ्या गेघामला मी रस्त्याच्या कडेला ठेवलं, पोरी. आईच्या वर ताण केली."

हायकानूशने हात उगारला. तो तसाच खाली आला.

"उठा, आजी," ती म्हणाली. "रडायचं ते मागाहून रडू. आधी चौकीत जाऊन माझ्या माणसाला उचलून आणा."

आजी भिंतीला धरून उभी राहिली आणि अनवाणीच दाराकडे निघाली.