दोन, एक, दोन

विनयचं तोंड कॅमेऱ्यासमोर एकदा सुरू झालं की आवरता आवरत नसे. एरवी कारखान्यातल्या मशीनवर आठ तास मुका. पण रविवारी दुपारी येळ्ळूरच्या घरी, पुढच्या सोप्यात खुर्ची टाकून, दाराकडं पाठ करून बसला की गडी सुटलाच. जपानी कार्टून मालिकेचा नवा भाग तीन वाजता यायचा. तो बघताना स्वतःचा चेहरा रेकॉर्ड करायचा आणि आपल्या चॅनेलवर टाकायचा. चारशे बारा माणसं ते आवडीनं बघायची. त्यात कोगनोळीचा दोस्त सौरव पहिला.

मालिकेत एक अवाढव्य लोखंडी यंत्रमानव होता. विनयनं त्याचं नाव थोरला ठेवलं होतं. बारा आठवडे एकच कोडं: थोरल्याच्या बंद छातीत आहे तरी कोण? जो तो आपापले अंदाज लढवत होता. विनय मात्र पहिल्या दिवसापासून एकच धरून बसलेला. "आत कोण न्हाय रं. उगंच वाट बघत बसल्यात सगळी."

हे तो इतक्या तावातावानं का सांगतो, ते त्याच्या आईला, जयाबाईला, बरोबर कळायचं. ती बोलून मात्र दाखवत नव्हती.

विनयचे वडील रायाप्पा लोखंड ओतायच्या फाउंड्रीत मोल्डर होते. काळ्या वाळूत लाकडी पॅटर्न दाबून साचा पाडायचा, आणि पॅटर्न उचलण्याआधी तो सैल व्हावा म्हणून हातोडीनं ठोकायचा. दोन, एक, दोन. पलीकडच्या गड्यानं एकदा ठोकून जबाब दिला की मगच उचलायचा, ही त्यांच्या हाताची शिस्त. घरी आले तरी दारावर तीच थाप. जयाबाई आतून हाताला लागेल त्या भांड्यावर एकदा वाजवायची आणि मग कडी काढायची. ते आधी न्हाणीत जाऊन बादलीत हात बुडवायचे. तळाला काळी वाळू बसायची आणि जयाबाईची कटकट सुरू व्हायची.

सात वर्षांपूर्वी एके दिवशी पाळी संपवून ते निघाले आणि घरी पोचलेच नाहीत. पोलीस झाले, देवऋषी झाले. पुढं ती फाउंड्रीही बंद पडली, शेड पाडून झाली. जयाबाईनं मात्र रोज एक भाकरी झाकून ठेवायचं काही सोडलं नाही. सकाळी तीच शिळी भाकरी तिला खाताना बघून विनयचा जीव तुटायचा.

वडलांना मयत ठरवून घ्यायला उद्या सोमवारी बेळगावच्या कोर्टात जायचं होतं. कन्नडमधला कागद विनयनं तिला मराठीत समजावून सांगितला होता: सात वर्षांत नवऱ्याचा कसलाही ठावठिकाणा लागलेला नाही. त्याखाली तिनं सही करायची होती. महिनाभर मनधरणी केल्यावर काल कुठं ती "बरं" म्हणाली होती. एकदाचं हे पार पडावं, आईनं वाट बघायचं सोडावं, एवढंच विनयला हवं होतं.

तर शेवटचा भाग आला. कोंबड्या आत येतात म्हणून विनयनं दाराला कडी घातली, हेडफोन चढवले, रेकॉर्डिंग सुरू केलं. आत जयाबाई शेंगदाणे भाजत होती.

अगदी शेवटी मालिकेतली पायलट पोरगी थोरल्याच्या छातीपाशी चढली. लोखंडाला कान लावला. आणि टकटक आली. दोन. एक. दोन.

विनयच्या अंगावर सर्रकन काटा आला. "उघडू नको!" तो ओरडला. "अगं ए, उघडू नको!"

पोरीनं मूठ उचलून एकदाच ठोकलं. छातीचं झाकण सरकलं. आत काळोख. सीझन संपला.

विनयनं डोळे पुसले. असला भलता योगायोग, असं स्वतःशीच पुटपुटला. तेवढ्यात करपल्याचा वास आला म्हणून तो आत धावला. जयाबाई हातात उलथनं घेऊन तशीच उभी होती.

"आई, अगं जळालं की सगळं!"

"मी वाजवलं रं," ती म्हणाली. "हातच गेला. दार उघडलंस न्हवं तू?"

"कुणाला? मालिकेतला आवाज होता त्यो."

"मालिकेतला व्हय?" ती म्हणाली, आणि कढई उतरवली.

विनय खुर्चीपाशी आला. खुर्चीवर हेडफोन पडले होते. तो बघतच राहिला. कानातला आवाज स्वयंपाकघरात गेला कसा?

त्यानं सौरवला फोन लावला. "ती छातीतली टकटक ऐकलास काय रं?"

"कसली टकटक? त्या सीनला आवाजच न्हाय, लेका. म्युझिकसुद्धा बंद केलंय. लई भारी केलंय ते."

विनयनं भाग पुन्हा लावला. पोरगी चढली, कान लावला, मूठ ठोकली. सगळं नुसतं शांत.

मग त्यानं स्वतःचं रेकॉर्डिंग लावलं.

पुढं त्याचा चेहरा. मागं दार.

दोन. एक. दोन. प्रत्येक थापेला दाराची फळी हलत होती.

"उघडू नको!" पडद्यावरचा विनय ओरडला. त्याच क्षणी आतून कढईवर ठण्ण. एकदाच.

कडी वर झाली. दार वीतभर उघडलं. उन्हाची पट्टी जमिनीवर पडली, मधेच झाकली गेली, पुन्हा मोकळी झाली. दार लागलं. कडी बसली. पडद्यावरचा विनय डोळे पुसत होता.

"विनय."

जयाबाई कोर्टाचा कागद घेऊन उभी होती. कितीतरी वर्षांत तिचा चेहरा इतका निवांत दिसला नव्हता, आणि त्याचीच विनयला भीती वाटली.

"उद्या न्हाय जायाचं आपण," ती म्हणाली. "खोटी सही माझ्याच्यानं व्हायची न्हाय."

न्हाणीत पाणी हिंदकळल्याचा आवाज झाला.

तो गेला. न्हाणीत कुणी नव्हतं. बादलीतलं पाणी अजून हेलकावत होतं. तळाशी बोटभर काळी वाळू बसली होती.

त्यानं हात घातला. वाळू गरम होती.