मुक्कामाचे दिवस

नातेवाइकांनी रेकॉर्ड रूममध्ये बसायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी जमिनीवर फायली पसरून बसलेल्या त्या माणसाला ठणकावलं. तो निमूट उठला, बाहेर गेला, दार लावलं आणि टकटक करून परत आत आला. फायली हव्या असतील तर त्या मीच देतो, असं त्यानं अदबीनं सांगितलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रुग्णालयात दाखल झालेल्यांना फ्लू, करोना आणि आरएसव्ही या तीन विषाणूंपैकी जास्त कोण छळतं, हे तिला तीनशे फायलींतून शोधायचं होतं. ऑक्सिजन किती लागला, मुक्काम किती दिवसांचा... रेकॉर्डकीपर फायली काढी, ती तक्ते भरी. टेबल एकच, तेव्हा कोपराला कोपर लागणं ओघानंच आलं! तिच्या सरांचं अगम्य अक्षर तो घडाघडा वाचून दाखवी. तुम्हाला डॉक्टरेटच द्यायला हवी, असं ती म्हणे आणि तो कानापर्यंत लाल होई. ते कान बघायला तिला फार आवडायचं.

महिन्याभरानं आरएसव्हीनं बाजी मारली. त्यातल्या म्हाताऱ्यांचा मुक्काम सरासरी अकरा दिवस, फ्लूवाल्यांचा सात. तिनं गुरुवारी हे त्याला हौसेनं सांगितलं. शनिवारी शोधनिबंध पाठवायचा, सोमवारी दुसऱ्या शहरात रुजू व्हायचं. शुक्रवारी ती निरोप घ्यायला आली खरी, पण पाय काही निघेना.

त्यानं एक फाइल तिच्यासमोर उघडली.

“मॅडम, या आजोबांचा ऑक्सिजन चौथ्या दिवशीच काढलाय. पुढचे सात दिवस ते लेकाची वाट बघत होते.”

मागच्या पानावर सिस्टरांनी लिहिलं होतं : घरचे फोन उचलत नाहीत. दुसऱ्या फाइलीतल्या आजींची सून रविवारी येणार होती, ती बुधवारी आली. अशा एकोणीस फायली त्यानं वेगळ्या काढल्या होत्या. आजार म्हणून तिनं मोजलेले कितीतरी दिवस नुसते वाट बघण्याचे होते. सगळी मोजणी पुन्हा... म्हणजे शनिवार गेला, सोमवारही गेला.

एकदम तिला संशय आला.

“आज बरं सापडलं हे? मी जाऊ नये म्हणून रचताय का?”

“नाही. काल तुम्ही सरासरी सांगितलीत, म्हणून आज सकाळी मागची पानं वाचली.” त्यानं फाइलीची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. “तुम्ही जाऊ नये — हेही खरंय. पण ती नोंद वेगळी, मॅडम. दोन्ही एकात मिसळू नका.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही. तिनं तिथूनच सरांना फोन लावला, चूक सांगितली, बोलणी खाल्ली आणि पंधरा दिवस मागून घेतले.

“पाच दिवसांचं काम आहे हे,” तो हळूच म्हणाला.

“माहितेय,” ती म्हणाली आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढून बसली.