साहेबांच्या चपला

मुदखेडला बदली झाली तेव्हा प्रियदर्शनी जोंधळे सत्तावीस वर्षांची होती. सामान म्हणाल तर एक ट्रंक, एक वळकटी आणि आईनं बांधून दिलेली भाकरी-चटणी. पोस्टात कारकुनाची नोकरी. वडील हदगावकडं गावी अंथरुणाला खिळलेले, धाकटा भाऊ धम्मानंद नांदेडला शिकणारा, आणि जमलं जमलं म्हणता म्हणता एक स्थळ नुकतंच फिस्कटलेलं. स्टेशनच्या पलीकडं तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पुढची खोली, मागची खोली, त्यामागं परस. घरमालकीण सरजाबाई भिंतीला भिंत लावून शेजारीच राहायची.

सरजाबाईनं पहिल्याच दिवशी, चुलीवर चहा उतू जात असताना, पोरीची शाळा घेतली.

"माय, हे टेसनजवळचं घर. सतरा गावचं मानूस इथं उतरतंय. खिडकीतून बघितल्याबिगर कडी काढायची न्हाई. कुनी पानी मागितलं तर खिडकीतूनच तांब्या द्यायचा. आन् दाराम्होरं गड्याच्या चपला ठिव."

"कुणाच्या चपला?"

"कुनाच्या बी. दार वाजलं की मागच्या खोलीकडं तोंड करून वरडायचं, 'अहो, बघा बरं कोन आलंय.' मंग दार किलकिलं करायचं. एकली बाई हाय म्हनून वाटसराला कळू द्यायचं न्हाई. ह्याच खोल्यांत मी बारा वर्सं अशीच काढली."

पुढच्या बाजाराला प्रियदर्शनीनं नऊ नंबरच्या काळ्या चामडी चपला आणल्या. सरजाबाईनं त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि नाक मुरडलं. "ह्या तर पाव्हन्याच्या वाटतेत. रोजच्या मानसाच्या वाटाया नगं का?" मग काय, रोज संध्याकाळी दार लावून प्रियदर्शनी त्या भल्यामोठ्या चपला घालून परसात फटक फटक फेऱ्या मारायची आणि सरजाबाई पदर तोंडाला लावून हसून हसून बेजार व्हायची. ते दिवस आठवले की प्रियदर्शनीला अजून भरून येतं. दोघीच बायका, पण घर कसं भरल्यासारखं वाटायचं.

नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, हे एक बरं होतं. 'अहो' म्हटलं की काम भागायचं. नाव नाही, गाव नाही, जेवणात मीठ कमी पडलं म्हणून कुरकुर नाही. असा नवरा कुणाला नको? पोस्टातल्या लोकांना ती एकटी आहे हे ठाऊकच होतं, त्यामुळं पोस्टमन रविकांत तिला सकाळी सकाळी छेडायचा, "काय मॅडम, साहेब उठले का?" तीही ठसक्यात सांगायची, "उठले, पेपर वाचून राहिले."

दोनेक वर्षांनी डाव्या चपलेची टाच सुटली. स्टेशनसमोर चपला शिवायला बसणारा शिवलिंग म्हणाला, "साहेबांचा सगळा भार डाव्या अंगाला पडतोय. बघा की, टाच बाहीरनं झिजून गेली. लहानपनी पाय मोडला व्हता काय त्यांचा?"

"हो," असं तिनं ठोकून दिलं आणि रस्ताभर स्वतःशीच हसत आली. घराशी पोचल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं की चपला घालून फेऱ्या मारणं तिनं कधीच सोडलं होतं.

दुसरा जोड आणला. त्यात तिनं पाय घातलाच नाही. तोही झिजला. डावी टाच, बाहेरची बाजू.

प्रियदर्शनी काही भोळीभाबडी नव्हती. पाकिटाचं वजन केल्याशिवाय त्यावर शिक्का न मारणारी बाई ती. उंदीर असतील, ऊन असेल, फरशी उंचसखल असेल, असे सगळे हिशेब तिनं करून पाहिले. चपला उजव्या बाजूला ठेवून पाहिल्या. चपलांभोवती खडूनं रेघ मारून ठेवली आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तपासली. चपला रेघेच्या आतच असायच्या. जागच्या हलत नव्हत्या. झिजत मात्र होत्या.

भीती वाटायला हवी होती. वाटलं ते भलतंच. तिला बरं वाटलं.

सरजाबाई थकली तेव्हा तिचा मुलगा तिला लातूरला न्यायला आला. जीपमध्ये बसता बसता तिनं प्रियदर्शनीचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "बोलत जा त्यांच्यासंगं. लई बोलत न्हाईत, पर ऐकतेत." म्हातारीचं डोकं चालेना, असं मुलगा म्हणाला.

पुढं त्या मुलानं ते घर तिलाच विकलं. वडील गेले, आई गेली, धम्मानंद मास्तर होऊन नांदेडला स्थिरावला, त्याला मुलगी झाली, महामाया. प्रियदर्शनीचं लग्न राहून गेलं ते गेलंच. संध्याकाळी पोस्टातून आली की चहा ठेवता ठेवता ती मागच्या खोलीकडं पाहून दिवसभराचं सांगायची. रविकांतच्या पोरीला नोकरी लागली. फुलांच्या पाट्यांची आज पहाटेची गाडी चुकली, फलाटभर काकड्याच्या फुलांचा वास सुटला होता. उत्तर कधी आलं नाही, एकदाही नाही. भांडं हललं नाही की पडदा हलला नाही. फक्त एक होतं. रिकाम्या खोलीत बोललं की आवाज जरा घुमतो. त्या खोलीत तो घुमत नसे.

अशी तेहतीस वर्षं गेली. चपलांचा हा कितवा जोड, हेही ती विसरली. रिटायर झाली, शाल-श्रीफळ घेऊन घरी आली आणि सवयीनं मागच्या खोलीकडं पाहून म्हणाली, "झालं बाई एकदाचं."

त्याच वर्षी गावात भरदुपारी घरात घुसून लुटायचे दोन प्रकार झाले. दोन्ही वेळा घरात म्हातारी माणसं एकटी होती, आणि दुसऱ्या वेळी तर म्हाताऱ्याचं डोकं फुटलं. धम्मानंदचा जीव वर-खाली व्हायला लागला. महामाया कॉलेजात सुरक्षिततेचं काही प्रशिक्षण घेऊन आली होती. ती रविवारी येऊन दाराला साखळी आणि बघायचं भिंग बसवून गेली.

"आत्या, काही झालं की एकशे बारा लावायचं. कंपनीचा माणूस म्हणाला तरी ओळखपत्र बघितल्याशिवाय साखळी काढायची नाही. फोन कायम हाताशी पाहिजे. आणि हे चपलांचं आता जुनं झालं बरं का."

"हाव गं बाई, लई शहाणी तू," आत्या म्हणाली. पण चपला तिनं उचलल्या नाहीत.

ऑक्टोबरातली दुपार होती, दोनचा सुमार. दार वाजलं. भिंगातून पाहिलं तर पंचविशीतला पोरगा, खांद्याला पिशवी. "जोंधळे मॅडम हायेत का? गॅसची नळी तपासायची हाय." आडनाव घेतलं, आणि तिथंच ती फसली. जन्मभर लोकांच्या पाकिटांवरची नावं वाचलेली बाई. नाव बरोबर असलं की तिला सगळं बरोबर वाटायचं. तिनं साखळी काढली.

पोरगा खांदा देऊन आत आला आणि त्यानं कडी लावली. पिशवीतून लोखंडी पाना काढला.

"वरडायचं न्हाई. फोन कुठं हाय?"

फोन मागच्या खोलीत होता. एकशे बारा, साखळी, ओळखपत्र, सगळं तिच्या डोक्यातून पुसून गेलं. जिभेवर आलं ते तेहतीस वर्षांचं.

"अहो," ती म्हणाली, "बघा बरं कोण आलंय."

एरवी ती मागच्या खोलीकडं तोंड करून हाक मारायची. आज तिची पाठ तिकडं होती.

पोरगा आधी हसला. मग त्यानं तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. त्याचे डोळे हळूहळू सरकू लागले. चालत येणाऱ्या माणसाकडं पाहावं तसे. थोडे थांबत, थोडे डावीकडं कलत.

ते तिच्या कानाच्या मागं येऊन थांबले.

"चुकलं साहेब," तो म्हणाला. "जातो मी. बसा, बसा तुम्ही."

कडी काढायला त्याला तीनदा हात मारावा लागला.

दार सताड उघडं राहिलं. बाहेर पांढरं ऊन होतं. प्रियदर्शनीनं मागं वळून पाहिलं नाही. कितीतरी वेळानं ती हळूच म्हणाली, "गेला. बसा आता."

दुसऱ्या दिवशी धम्मानंद आला तो घर आवरायच्या तयारीनंच. "आक्का, नशीब दर वेळी साथ देत नाही. तो पोरगा का पळाला, देव जाणे. पुन्हा आला म्हणजे? नांदेडला चल." पोरगा का पळाला ते तिला ठाऊक होतं. सांगणार काय? या वयात, सख्ख्या भावाला? घर सोडलं तर ती सुखरूप राहणार होती, हे तिलाही पटत होतं. पण ज्यानं तिला वाचवलं त्याला मागं टाकून कसं जायचं? तिनं आठ दिवस मागून घेतले. आठवडाभर ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहायची आणि सांगायचं तेवढं सोडून बाकी सगळं बोलायची.

शेवटी महामाया रडली. "आत्या, तू इथं एकटी आहेस म्हणून मला झोप लागत नाही." लेकराचे डोळे पुसून प्रियदर्शनी हो म्हणाली.

टेम्पो सकाळी नऊला आला. हमालांची ये-जा चाललेली, धम्मानंदची घाई. महामायानं अडगळीबरोबर चपलाही पोत्यात भरल्या आणि आत्या बघत राहिली. मागच्या खोलीत क्षणभर जाऊन ती उभी राहिली आणि तशीच बाहेर आली. कुलूप लावून ती निघाली. त्याला न सांगता घराबाहेर पडायची ही तिची पहिलीच वेळ.

नांदेडचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली वॉचमन, जिन्यात कॅमेरा, दाराला दोन कुलपं. कशाची म्हणून भीती नव्हती. तिला जेवण मात्र गोड लागेना.

महिनाभरानं मुदखेडच्या घराला गिऱ्हाईक आलं. जवळच्या खेड्यातले शेषेराव म्हणून शेतकरी होते, पोरांच्या शाळेसाठी त्यांना गावात घर हवं होतं. किल्ली घ्यायच्या आधी बाहेरून एकदा बघून येतो, म्हणाले. रविवारी सकाळी अकराला त्यांचा फोन आला. महामाया समोरच अभ्यास करत बसली होती.

"ताई, तुम्ही तर घर मोकळं हाय म्हनला व्हता."

"मोकळंच आहे की. कुलूप आहे ना?"

"म्होरं कुलूप हाय. म्हनून आम्ही परसाकडनं गेलो अन् मागचं दार वाजवलं. तर आतून गडी मानूस वरडला."

प्रियदर्शनी उठून उभी राहिली. "काय म्हणाला?"

"'अगं, बघ बरं कोन आलंय,' म्हनला. आता घरात बाईमानूस हाय म्हनल्यावर ती यील की दार उघडाया. मी अन् मंडळी धा मिनटं थांबलो. कुनी आलंच न्हाई. भाडेकरी ठिवलाय काय तुम्ही?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. महामाया पुस्तकातून मान वर करून बघायला लागली होती.

"आवाज कसा होता, दादा?"

शेषेरावांनी आवाज खाली आणला.

"खरं सांगू का, ताई," ते म्हणाले, "भ्यालेला वाटला."