दाराची खाट

नवरा, निवृत्त पोस्टमन, इस्पितळातून घरी येणार म्हटल्यावर काकूंनी आधी खाटेचं मनावर घेतलं. पडल्यामुळे त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं. कूस बदलायलाही माणूस लागायचा. डॉक्टर म्हणाले होते, खाली टणक हवं, उंची बेताची. तशी खाट दुकानात होती, पण किंमत ऐकून काकू आल्या पावली परतल्या. येताना भंगारवाल्याकडचं एक जुनं सागवानी दार मात्र हमालाकडून वर आणवलं.

सत्तराव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा करवत धरली. पहिला स्क्रू वाकडा गेला, दुसऱ्याने लाकूड चिरलं. तेव्हा कळलं, आधी बारीक भोक पाडावं लागतं. चार खुंट, त्यांवर चौकट, चौकटीवर स्क्रूंनी आवळलेलं दार. कडी-बिजागऱ्या काढून लाकूड घासता घासता खांदे गळून गेले. एक पाय आखूड पडला, त्याखाली पुठ्ठा सारला.

खालच्या मजल्यावरचे म्हातारे सुतार मिस्त्री बघायला आले. त्यांनी खाट हलवून पाहिली.

"पायांत दम आहे, काकू. पण दार अखंडच ठेवलंत?"

"सुटं करून पुन्हा जोडायला अंगात त्राण कुठंय?"

"आम्ही जुन्या दाराचं काही करायचं तर आधी फळ्या सुट्या करतो. त्याला दार म्हणून राहू देत नाही."

"का बरं?"

"माझा बाप देत नव्हता, म्हणून मीही नाही." कडीच्या खुणेवरून त्यांनी बोट फिरवलं. "घराकडची बाजू वर आलीय."

"मग बरंच की! माणूस घरातच राहील."

मिस्त्री हसले नाहीत.

पोस्टमन आले. "अगं, राजाचा पलंग झालाय की," म्हणाले. काकू त्यांना पुसत, भरवत, दर दोन तासांनी कुशीवर वळवत. रात्र कुठली नि दिवस कुठला, काही कळेनासं झालं. पण हा एवढा माणूस जवळ राहावा, दुसरं काही मागणं नव्हतं.

आठवड्याने एका दुपारी ते म्हणाले, "अगं, कुणीतरी दार वाजवतंय."

काकू बाहेर पाहून आल्या. जिना रिकामा होता.

"ते नव्हे. हे." त्यांनी बोटाने अंगाखालची फळी दाखवली.

काकूंनी गादी सारून कान लावला. आवाज नव्हता. लाकूड मात्र गार लागलं, बाहेरच्या भिंतीसारखं.

"मी जन्मभर लोकांची दारं वाजवली," पोस्टमन म्हणाले. "हा घाईतला माणूस नव्हे. दोनच ठोके देतो नि थांबतो. घरात कुणी आहे, हे त्याला ठाऊक आहे."

"औषधाची गुंगी आहे. पडा बघू."

दुसऱ्या दुपारी त्यांनी विचारलं, "उघडू का?"

"नको."

तिसऱ्या दुपारीही तेच. "बिचारा केव्हाचा ताटकळलाय गं."

चौथ्या दुपारी त्यांना वळवताना काकूंचा तळवा फळीवर टेकला. तळव्याखाली खालच्या अंगाने दोन ठोके पडले. बोटांच्या पेरांचे, अगदी सभ्यपणे. त्यांनी वाकून पाहिलं. फरशी, आणि तो पुठ्ठा.

त्या तशाच मिस्त्रींकडे गेल्या. ठोक्यांचं सांगितलं. "उद्या सकाळी येतो. सुटं करू," मिस्त्री म्हणाले. काकू परत आल्या, आतून कडी लावली आणि मोरीत भिजवलेले कपडे धुवायला बसल्या. हात उचलत नव्हते.

"अगं, उघडू का?"

त्या कपडे घासत राहिल्या.

"ऐकतेस ना? उघडू का गं?"

"उघडा हो एकदाचं! माझा जीव खाऊ नका."

शब्द तोंडातून गेला.

काकूंनी नळ बंद केला.

खोलीत काही आवाज नव्हता.

"अहो?"

खाट रिकामी होती. उशीवर डोक्याचा खळगा तेवढा होता. खिडकीला गज, घराच्या दाराची आतली कडी तशीच.

स्क्रू सगळे जागच्या जागी, घट्ट. फक्त फळी आणि चौकट यांच्यामध्ये, जिथे नखही शिरलं नसतं, तिथे चादरीचं टोक अडकलं होतं. लोटून घेतलेल्या दारात पदर अडकतो, तसं.

काकू फरशीवर बसल्या. चादर दोन्ही हातांनी धरून त्यांनी हळूच ओढली.

पलीकडून कुणीतरी तितक्याच हळू ओढली.