रिकाम्या तारांचा आलेख

ज्यांना पटणार नसेल त्यांनी खुशाल सोडून द्या. पण माझी आत्या थापा मारणाऱ्यातली नाही, आणि हे तिच्यासोबत भर दुपारी घडलंय. दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत.

आत्याचं काम ईईजी काढायचं. झटके येणाऱ्या पेशंटच्या डोक्याला एकवीस तारा चिकटवायच्या आणि मेंदूचा आलेख नोंदवायचा.

त्या दिवशी नऊ वर्षांची एक मुलगी आली होती. दोन वर्षांत एकही झटका नाही. आलेख स्वच्छ आला की गोळ्या बंद होणार होत्या.

"ताई, गोळ्यांनी पोर नुसती पेंगते हो," तिची आई म्हणाली. "एकदाच्या सुटू देत."

आलेख स्वच्छ आला. आत्यालाच हायसं वाटलं. तिने तारा काढून खुंटीला अडकवल्या. मायलेकी बाहेर गेल्या.

बोलण्याच्या नादात रेकॉर्डिंग बंद करायचं तेवढं राहून गेलं.

रिकाम्या तारांतून नुसता कचरा उमटतो. वेड्यावाकड्या रेघोट्या...

पण पडद्यावर लाटा होत्या. संथ, नीटस... जिवंत माणसाच्या.

आत्याने तारा तपासल्या. एकही कशाला टेकलेली नव्हती.

मग ती जे बोलली त्याचं तिला अजून नवल वाटतं. बावीस वर्षांची सवय, दुसरं काय. रिकाम्या पलंगाकडे बघत ती म्हणाली, "डोळे मीट."

लाटा उंचावल्या. डोळे मिटल्यावर उंचावतात, तशाच.

"उघड."

...लाटा बसल्या.

बाहेर ती मुलगी आईशी हसत बोलत होती. आवाज स्पष्ट येत होता.

आणि इकडे पडद्यावर झटका सुरू झाला. डाव्या कानामागच्या तारेपासून... मग सगळ्या एकवीस.

बेचाळीस सेकंद.

खोलीत ना आवाज, ना हालचाल. पलंगाच्या चादरीला सुरकुतीसुद्धा नाही.

हे डॉक्टरांना दाखवलं तर त्या पोरीच्या नावावर जाणार. गोळ्या चालूच राहणार. आणि सांगायचं तरी काय, की तारा खुंटीला होत्या? आत्याने तेवढा तुकडा कापला, पुसून टाकला आणि स्वच्छ आलेख वर पाठवला.

गोळ्या बंद झाल्या.

तीन महिन्यांनी त्या दोघी परत आल्या. झटका येऊन मुलगी जिन्यावरून पडली होती. हात प्लास्टरमध्ये, हनुवटीला टाके.

आत्याने तारा लावल्या. दहाच मिनिटांत पोरीला तिथेच झटका आला.

डाव्या कानामागून... मग सगळ्या एकवीस.

रेघ न् रेघ तीच. घड्याळ बघायची आत्याला गरजच पडली नाही.

मुलगी शांत झाल्यावर आईने हळूच विचारलं, "ताई, मागच्या वेळी काहीच दिसलं नव्हतं का हो?"

"नाही," आत्या म्हणाली.

मशीन तिने दोनदा तपासून घेतलं. दोष निघाला नाही. हल्ली ती आधी रेकॉर्डिंग बंद करते, मगच तारांना हात लावते.

त्या आईला मात्र तिने अजून खरं सांगितलेलं नाही.