तीन खोट्या तक्रारी

जिंतूरहून निघालेल्या एसटीने झरीच्या अलीकडचा गतिरोधक न बघताच घेतला, आणि वरच्या रॅकवरून माझी कॅमेऱ्याची बॅग सुटली.

सुटली म्हणजे पट्टाच तुटला. मी हात पुढे करेपर्यंत ती पुढच्या सीटवरच्या माणसाच्या अंगावर गेली होती. त्याने झेलली. दोन्ही हातांनी, पोटाशी घट्ट धरून.

"सॉरी हो... लागलं का?"

तुटलेल्या पट्ट्याचं टोक डोळ्यांजवळ नेऊन तो बघत होता.

"एकेरी टाका," तो म्हणाला. "एवढ्या वजनाला एकेरी टाका! लाज वाटाया पायजे."

"कोणाला? मला?"

तेव्हा कुठे त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. कान लाल झाले. "न्हाई न्हाई— शिवणाऱ्याला. आत काय हाय?"

"कॅमेरा. दोन लेन्स."

"आन रॅकवर ठिवला?"

"मांडीवर जागा नाही." माझ्या मांडीवर शेजारच्या आजींचं गाठोडं होतं, आणि आजी गाढ झोपल्या होत्या. त्याने गाठोडं पाहिलं, आजींना पाहिलं आणि आवाज न करता हसला. परभणी येईपर्यंत बॅग त्याच्याच मांडीवर राहिली. उतरताना म्हणाला, "ही फेका. दुसरी घेताना शिवण उलटी करून बघा. न्हाई जमलं तर माझ्याकडं या, स्टेशन रोडला शिवणीचं दुकान हाय."

मंगळवार होता, तेरा जानेवारी.

मी मनिषा. एका दैनिकाच्या जिल्हा पानासाठी फोटो काढते आणि लग्नसराईत लग्नांचे. तो कॅमेरा तीन लग्नसराईंच्या कमाईचा. पुण्यातल्या एका प्रकाशकाने आठवडी बाजारांच्या फोटोंचं पुस्तक काढायचं ठरवून ते काम मला दिलं होतं. चाळीस बाजार, दोन महिने, एकटीने, एसटी आणि काळीपिवळीने. दोन फेब्रुवारीला निघायचं होतं. कॅमेऱ्याला काही झालं तर दुसरा नव्हता.

बुधवारी मी दुकानात गेले. स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत, दहा बाय बाराचं. त्याचं नाव सिद्धोधन. मोटारसायकलची सीट-कव्हरं शिवायचा, पण नाव होतं ते वाद्यांच्या पिशव्यांसाठी. पेडगावच्या गायन पार्टीत त्याचे वडील ढोलकी वाजवायचे. टेम्पोत, खराब रस्त्यावर, पेटीचे सूर हलू नयेत म्हणून त्याने पहिली पिशवी शिवली, आणि मग जिल्ह्यातल्या पार्ट्या त्याच्याकडे येऊ लागल्या. शेजारच्या मशीनवर त्याची आई, सुलाबाई, गाद्यांच्या खोळी शिवत होत्या.

मी मोबाइलवर निवडून ठेवलेल्या तीन बॅगा दाखवल्या.

"ही पाठीवरची, मागून उघडती. चिखलात उतरवणार कुठं?" तो म्हणाला. "ही एका खांद्याची. दोन महिन्यांत तुमी वाकड्या. आन ही कडक पेटी... लय पक्की हाय. पण एसटीत हिचं येगळं तिकीट काढा."

"आणि तिन्हींवर कंपनीचं नाव केवढं मोठं!"

"चोराला पत्ता दिल्यावाणी."

दोघंही हसलो. मग तो उठला, साबणाने हात धुतले, टेबलावर धुतलेला पांढरा कपडा अंथरला आणि म्हणाला, "मीच शिवतो. सामान मांडा." एकेक वस्तू त्याने टेपने मोजली. कॅमेऱ्याला मात्र हात लावण्याआधी माझ्याकडे पाहिलं... मी मान हलवली, तेव्हाच उचलला.

"आता मॅडमची पाठ," तो म्हणाला आणि टेप आईकडे दिली. "आई, खांद्यापासून कमरंपर्यंत." सुलाबाई मोजत होत्या तेवढा वेळ तो रस्त्याकडे बघत उभा राहिला. रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं. मीही पाहिलं ना.

शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर त्याने माझं सगळं सामान तोललं. चार किलो दोनशे ग्रॅम. मग तेवढ्याच वजनाच्या ज्वारीच्या पुड्या बांधल्या, कच्च्या टाक्यांनी जोडलेल्या पिशवीत बसवल्या आणि पिशवी माझ्या पाठीवर दिली.

"दोन दिस हिंडा. दुखंल तिथं खडूनं खूण करा."

"ज्वारी घेऊन हिंडू?"

"लेन्स आपटली तर रडाल. ज्वारी सांडली तर चिमण्या खातील."

ती ज्वारी घेऊन मी पोखर्णीला नृसिंहाच्या यात्रेकरूंचे फोटो काढले. पायरीवरच्या एका बाईने विचारलं, "दळण कुठं न्यायलीस गं?" डाव्या खांद्याशी पट्टा रुतत होता. मी खूण केली. त्याने पट्टा रुंद केला, आतून मऊ फोम लावला. ही माझी पहिली तक्रार. ती खरी होती.

एकवीस तारखेला बॅग तयार झाली. बाहेरून साधं खाकी कॅनव्हास, बाजारच्या पिशवीसारखं. बुडाला कडक फोम, कडेला मऊ. धूळ जाऊ नये म्हणून चेनवर झडप. बाजूने उघडायची, त्यामुळे पाठीवरून पुढे ओढली की कॅमेरा थेट हातात. मी शिवण उलटी करून पाहिली. दुहेरी टाका... कोपऱ्यांवर तिहेरी.

"काय कमी हाय का?" त्याने विचारलं.

काहीच कमी नव्हतं. बॅग उचलायची, निघायचं, एवढंच उरलं होतं. निघायला अजून बारा दिवस होते, आणि या गल्लीत माझं दुसरं कुठलंही काम नव्हतं.

"चेन..." मी म्हणाले. "चेन जरा वाजते."

त्याने कान लावून ऐकलं. तीनदा उघडली, मिटली. "मला ऐकू येईना. पण तुमाला येत असंल तर बदलतो. परवा या."

परवा चहा झाला. सुलाबाईंनी माझं गाव, आईवडील, शाळा, सगळं विचारून घेतलं. नवी चेन लोण्यासारखी चालत होती. मी म्हणाले, आतला कप्पा खोल आहे. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाचे फोटो पाठवून दुपारी गेले, तर त्याने कप्पा उसवून वर घेतला होता. बोटाला सुई लागलेली, चिंधी बांधलेली.

"बघू," मी म्हणाले.

"काय न्हाई हो, मॅडम." त्याने हात मागे घेतला... पण जरा उशिरा घेतला.

त्या दिवशी मी म्हणाले, बॅग जमिनीवर ठेवली की बूड कलतं. ही तिसरी खोटी. ती सांगताना त्याचा चेहरा मी पाहायला हवा होता. मी त्याची चिंधी पाहत होते.

शुक्रवारी, तीस तारखेला, दुकानात तो माझी वाट बघत उभाच होता.

"मॅडम, तुमी कंपनीचीच घ्या," तो म्हणाला. "संभाजीनगरच्या दुकानात फोन केलाय. एक बाजूला काढून ठिवायलेत ते. उद्या दुपारच्या गाडीनं जाऊन आणतो मी."

"का?"

"बूड चार बार काढलं. फरशीवर ठिवून गवंड्याची पाणसळ लावून बघितलं. मला कललेलं दिसंना." त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "दिसंना म्हणजे माझीच नजर गेली. तुमचा कॅमेरा माझ्या भरवशावर दोन महिने... न्हाई जमणार."

तो मागे सामान आणायला गेला तशा सुलाबाई मशीन थांबवून हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, काल बन्सीधर आल्ता. गायन पार्टीवाला. एप्रिलच्या कार्यक्रमाला सहा पिशव्या पायजेत त्याला. ह्यानं न्हाई म्हणून सांगितलं. म्हणतो, माझ्या शिवणीवर इश्वास ठिवू नका."

"माझ्यामुळे?"

सुलाबाई दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "दुकानात येणाऱ्या समद्या बायांला ह्यो ताई म्हणतो. म्हातारी असू दे का तरणी. तुलाच मॅडम म्हणायलाय. मी धा दिस झाले बघायले."

आमच्या दैनिकात एक नियम आहे. चूक ज्या पानावर छापली, दुरुस्ती त्याच पानावर छापायची. मी सुलाबाईंकडून बन्सीधर यांचा नंबर घेतला आणि बॅग घेऊन बाहेर पडले.

शनिवारी सकाळी दहा वाजता बन्सीधर दुकानात बसलेले होते. पन्नाशीचे, भारदस्त आवाजाचे. सिद्धोधन गोंधळून त्यांच्याकडे आणि माझ्याकडे बघत होता. "काका, मी सांगितलंय ना तुमाला..."

"ह्या बाईनं बोलावलं," बन्सीधर म्हणाले. "काय दाखवायचं म्हणती."

मी बॅग उघडून दाखवली. आत या वेळी ज्वारी नव्हती. कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश. चेन लावली, झडप बसवली आणि स्टूलवर चढले.

"मॅडम, काय करायलात?"

"हात मागे घ्या."

"अहो—"

"झेलायचं नाही. हात मागे."

बॅग मी डोक्यावर धरली. खाली शहाबादी फरशी. माझी तीन वर्षं त्या कॅनव्हासमध्ये होती. सिद्धोधनने हात पाठीमागे बांधले, डोळे गच्च मिटले.

मी बॅग सोडली.

धप्प. बस, एवढाच आवाज. बॅग एकदा उसळली आणि बुडावर सरळ उभी राहिली. जराही कलली नाही.

मी उतरले, बॅग बाजूने उघडली, कॅमेरा काढला, आणि अजून डोळे मिटून उभ्या असलेल्या सिद्धोधनचा फोटो घेतला. क्लिक ऐकून त्याने डोळे उघडले. दुसरी लेन्स लावली, दुसरा फोटो. फ्लॅश लावला, तिसरा.

"सगळं चालतंय," मी म्हणाले. "बन्सीधरकाका, या बॅगेत एकही दोष नव्हता. मी खोटं सांगत होते."

"मंग माझ्या सहा पिशव्या सांगू का थांबू?" बन्सीधरांनी विचारलं.

सुलाबाई उठल्या. "चला बन्सीभाऊ, च्या घिऊ बाहीर."

दुकानात आम्ही दोघं राहिलो.

"चेन?" त्याने विचारलं.

"वाजत नव्हती."

"कप्पा?"

"हवा तेवढाच खोल होता."

"आन बूड..."

"सरळ होतं. पहिल्यापासून."

तो स्टूलवर बसला. "तीन बार उसवली मी ती. मला वाटलं माझा हातच गेला." आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "कामून केलं असं?"

"बॅग झाली असती की... इथं यायचं कारण संपलं असतं." मी फरशीकडे बघत होते. "चूक झाली. तुमच्या हातावर शंका येईल हे डोक्यातच आलं नाही. मला माफ करा."

तो मशीनचं चाक बोटाने थोडं पुढे, थोडं मागे फिरवत राहिला. चिंधी सुटली होती. बोटावर सुईची बारीक खूण दिसत होती.

"इथं यायला कारण लागतंय व्हय?" तो म्हणाला.

मी मान वर केली. त्याचे कान एसटीतल्यासारखे लाल झाले होते.

"मला वाटलं..."

"मी तर रोज चार वाजता दोन कप च्या सांगायलो. तुमी यायच्या आधीच." मग एकदम कामाच्या आवाजात: "एक अट हाय. दोन महिने रोज लिहून पाठवायचं. पट्टा, चेन, बूड. खरं तेच. खोटं लिहिलं तर मला कळंल."

"कसं कळेल?"

"आता कळंल," तो म्हणाला, आणि शेवटी हसला.

सोमवारी मी निघाले. रोज संध्याकाळी, रेंज मिळेल तिथून, लिहीत गेले: पट्टा ठीक, चेन ठीक, बूड सरळ. कोकणातल्या लाल धुळीतून, मिरचीच्या बाजारातून, जीपच्या टपावरून. त्याचं उत्तरही ठरलेलं: बरं. कधी बन्सीधरांच्या तयार होत चाललेल्या पिशव्यांचे फोटो. चाळिसाव्या बाजारातून, सव्वीस मार्चला लिहिलं: पट्टा ठीक. चेन ठीक. बूड सरळ. मी ठीक नाही.

दोन मिनिटांनी उत्तर आलं: कोणत्या बसनं येणार?

रविवारी दुपारी एसटी परभणीच्या स्टँडवर लागली. तो फलाटावर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी उतरले. बॅगेचं कॅनव्हास चाळीस गावांच्या धुळीने तपकिरी झालं होतं. उजव्या पट्ट्याची कड विसविशीत झाली होती, बुडाला मिरचीचा डाग होता. कुठल्याही शिवणाऱ्याची नजर आधी तिथेच गेली असती.

त्याने बॅग माझ्या खांद्यावरून उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली. शिवणीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडेच बघत होता.

"आलीस, मनिषा," तो म्हणाला.